ईशापूर २ए१ मध्ये दुकानातलं .३०८ : चालतं की नाही?

टेक्सासकर
१९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यानं जुन्या ली-एनफिल्ड रायफलीला ७.६२ नाटो या लष्करी काडतुसासाठी नव्यानं घडवलं, तीच ही २ए१. पोलादही सुधारलेलं. इकडे अमेरिकेत ती सर्प्लस (लष्कराचा जादा माल) म्हणून आली. .३०८ म्हणजे नाटोचा जवळजवळ तसाच नागरी भाऊ. रेंजवर गेलं की कुणीतरी हमखास सांगतो, "दुकानातलं .३०८ घालू नकोस, फुटेल." मला ही भीती अर्धवट वाचनातली वाटते. नाटोच्या दाबाचा म्हणून सांगतात तो ५०,००० चा आकडा तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला; .३०८चा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) सेन्सरवर मोजलेला. मापं वेगळी, मग वजाबाकी कसली? एकाच पद्धतीनं मोजलं तर दोघांत फरक किरकोळ.

ओहायोचा आबा
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. भांडण दाबाचं नाहीच, चेंबरचं आहे, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं. लष्करी चेंबर मुद्दाम ढिलं ठेवतात, चिखलातही काडतूस आत जावं म्हणून. नाटोची पितळी पुंगळी जाड असते, तिला ते झेपतं. दुकानातली बऱ्याचदा पातळ. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) मागच्या टोकाला अडकतो, म्हणजे बार उडाला की सगळंच किंचित ताणलं जातं. पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत पट्टा दिसला तर समजा, ती तिथूनच तुटणार. शिवाय सर्प्लस नळीतून आधी किती गोळ्या गेल्यात, देव जाणे.

दारूकाम
म्हणून तर काडतुसं घरी भरायची! एकाच रायफलीत उडालेल्या पुंगळ्या वेगळ्या ठेवा, फक्त मान (गोळी धरणारं तोंड) आवळा, खांद्याला (मानेखालच्या उताराला) हात लावू नका. दारू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापाची. जोर कशाला हवा, कागदालाच तर भोक पाडायचंय.

ओहायोचा आबा
काही फेऱ्यांनी त्याच पुंगळीवर बोल्ट जड होतो, तेव्हा खांदा थोडा मागे घ्यावाच लागतो. आणि दर वेळी वाकवलेली तार आतून फिरवून बघा. खाच लागली की पुंगळी भंगारात. पहिला बार तरी ढिल्या चेंबरमध्येच होणार ना, तो कुठल्या पितळेचा? नाटोचं घ्या, मग भरत बसा.

करवीरचा गडी
तुमचं चालू द्या. इकडे भारतात .३०३ आणि ७.६२ दोन्ही निषिद्ध बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. परवानाधारकाच्या नशिबी ईशापूरचीच .३१५, घडण तीच ली-एनफिल्डची. आम्ही लांबूनच वास घेतो.

टेक्सासकर
आबा, माझी तपासून घेतलीय. फील्ड गेजवर (चेंबर फार लांबलंय का बघायचं माप) बोल्ट बंद होत नाही. मग अडचण कुठे?

ओहायोचा आबा
गेज कुठला? .३०८चा फील्ड १.६३८ इंच, नाटोचा १.६४५५. नाटोच्या गेजवर पास झालेल्या चेंबरात दुकानातल्या पुंगळीला साडेसात हजारांश इंच जास्तीची मोकळीक असू शकते. गेजवर काय कोरलंय ते बघ आणि इथं लिही, मग भांडू.