आजी वार थाळीत घेऊन उजेडाला का नेत असे?

कृष्णाकाठ (प्रश्न):
माझी आजी मिरजेस सुईणकामाचे शिक्षण घेऊन १९५० च्या सुमारास, म्हणजे आपला जिल्हा अजून ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जात होता तेव्हा, सांगलीत हळदीच्या गोदामांमागच्या हमालवस्तीत घरोघरी बाळंतपणे करीत असे. तिच्या आठवणी मी लिहून काढीत आहे. महायुद्धापासूनच्या कापडटंचाईमुळे ती सातव्या महिन्यातच सासूकडून जुने लुगडे मागून घेई आणि ते उकळून, उन्हात वाळवून, बांधून ठेवायला लावी, हे समजण्यासारखे आहे. मात्र बाळापाठोपाठ वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा मांसल गोळा, पडल्यावर ती पुरण्याची घाई करणाऱ्या बायकांना थांबवून आजी ती आपल्या तामचिनीच्या थाळीत घेई, रात्र असेल तर कंदिलापाशी नेई आणि दोन्ही अंगांनी बोट फिरवून बराच वेळ पाहत बसे. ती बाळाचे नशीब वाचते, अशी वस्तीत समजूत होती. हा काही विधी होता का?

निवृत्त परिचारिका, मिरज:
विधी मुळीच नव्हे. वारेचा गर्भाशयाला चिकटलेला भाग पंधरा-वीस पाकळ्या एकमेकींना जोडल्यासारखा असतो. त्यातली एखादी कमी दिसली, तर तो तुकडा आत राहिला आहे, गर्भाशय नीट आकसणार नाही आणि रक्तस्राव होईल, किंवा पुढे ताप येईल, हे ओळखायचे असते. बाळाभोवतीच्या पिशवीचे पडदे पूर्ण आले की नाहीत आणि नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत की नाहीत, हेही पाहतात. ज्या खोलीत रक्ताची बाटली नाही आणि रुग्णालय टांग्याच्या वाटेवर आहे, तिथे हा अंदाज आधीच बांधावा लागे. आम्हाला तर ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय नारळासारखे कडक लागेपर्यंत जागचे हलायचे नाही, अशी ताकीदच होती.

वाळवेकर:
थोडे विषयाला धरूनच. आमच्याकडे नाळ विळ्याने कापून वर राख किंवा शेण लावीत. आठवडाभरात बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई. पाचवी नुकतीच झालेली असल्याने दोष सटवाईच्या माथी जाई. तो धनुर्वात होता. अर्थात जुन्या सुईणींना सरसकट अडाणी म्हणणे मला पटत नाही. कळा देताना बाईला उकिडवे बसवून खांब धरायला लावण्यात त्यांची मोठी समज होती.

पूर्वी लंडनमध्ये, आता विश्रामबाग:
त्याच काळात लंडनच्या पूर्व भागातील, बॉम्बवर्षावाने मोडलेल्या गोदीकामगारांच्या वस्त्यांत सुईणी सायकलवरून घरोघरी जात आणि बिछान्यावर वर्तमानपत्रे अंथरून बाळंतपण करीत. ५ जुलै १९४८ पासून तिथे ही सेवा मोफत मिळू लागली आणि वेदना कमी करणारा वायू हुंगवण्याचे यंत्रही सुईणी सोबत नेत. वार मात्र तिथेही अशीच उलटसुलट करून तपासली जाई.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. ती थाळी अजून आमच्या माळ्यावर आहे. कडेचा मुलामा उडालेला आहे आणि आई तिच्यात कधी काही निवडूही देत नाही. आज विचारल्यावर तिने सांगितले की, अशाच एका रात्री पाकळी कमी दिसली म्हणून आजीने एका हमालाच्या बायकोला हातगाडीवर घालून मिरजेच्या वाटेला लावले होते. ती बाई वाचली आणि पुढे कितीतरी वर्षे दिवाळीला आमच्याकडे हळकुंडे घेऊन येत असे.