तिशीत तक्रार? आणि वर स्वतःचा वकील?

वैनगंगा
काल 'सडेतोड' यांनी दुसऱ्या धाग्यावर लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिलं, "लहानपणी झालं ते झालं. तिशीतल्या लोकांना वकील आणि संस्थावाले भरीला घालतात. सरकारी वकील फुकट असताना खासगी कशाला?" डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

सरकारी वकील सरकारचा असतो, मुलीचा नव्हे. साक्षीच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिला पहिल्यांदा बघतो, हातात आणखी पाच फायली. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम ४० नुसार घरच्यांना आपला वकील देता येतो, ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण देतं. आरोपीच्या जामीन अर्जाची नोटीस मुलाच्या बाजूला द्या, हे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बजावून सांगावं लागलं. कुणीतरी भांडलं म्हणूनच ना?

सडेतोड
ताई, तुमचा तो वकील करतो काय? सरकारी वकिलाच्या मागे बसतो. शेवटी लेखी म्हणणं देतो, तेही कोर्टाने परवानगी दिली तर. आणि तिशीतल्यांचं सोयीस्करपणे गाळलंत.

वैनगंगा
गाळत नाही. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, त्याआधीच्या प्रकाराला जुनं भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान. बलात्काराला मुदत नाही, पण विनयभंगाला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, म्हणजे तीन वर्षांत कोर्टात गेलं नाही तर कोर्टाने उशीर माफ केला तरच. मुलगा असेल तर हाताशी त्यातलं कलम ३७७, अनैसर्गिक संभोगाचं. हे आधी स्पष्ट सांगणाराच वकील लागतो.

आणि मागे बसण्याबद्दल. कलम ३३ प्रमाणे बचावाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जायला हवेत. मी पाहिलेल्या एका केसमध्ये नऊ वर्षांच्या मुलीला फ्रॉकचा रंग थेट तीनदा विचारला. तिसऱ्यांदा ती "पिवळा" म्हणाली, आधी "गुलाबी" म्हणाली होती. सरकारी वकील फाइल चाळत होते. मागून कुणी कोपर मारायला हवं होतं.

माळरानचा डॉक्टर
कोर्टाचं राहू द्या, पॉक्सोच्या कलम १९ वर, पोलिसांना कळवायच्या सक्तीवर बोला! तालुक्याला दवाखाना आहे माझा. सतरा वर्षांची पोरगी, दिवस गेलेले, आई पदर पसरते, "साहेब, पोलिसांत नको." कळवलं नाही तर मला सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर तिचा एकोणीस वर्षांचा मित्र आत. २०१२ च्या आधी संमतीचं वय सोळा होतं.

वैनगंगा
डॉक्टर, २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही.

माळरानचा डॉक्टर
हो का! ठाण्यातल्या हवालदाराला निकालपत्र वाचून दाखवतो मग. पुढची मुलगी माझ्याकडे येतच नाही हो, कुठून तरी गोळ्या आणून खाते. रक्तस्राव सुरू झाला की मग येते.

सडेतोड
डॉक्टर बरोबर बोलले. कायदा करणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या दवाखान्यात बसावं.

वैनगंगा
दोन पोरांचं प्रेम आणि सात वर्षांच्या पोराशी मामाने केलेलं, हे एका तागडीत घालू नका. हा धागा दुसऱ्यासाठी आहे.

माळरानचा डॉक्टर
मी नाही घातलं, कायद्याने घातलंय. माझ्यावर कशाला चिडता?

कोकणकडा
मी तिशीतला. आतेभाऊ होता. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, केस टिकणं अवघड आहे. भरीला वगैरे कुणी घातलं नाही. मला तुरुंग नको होता. घरच्या लग्नांत तो पंगतीत माझ्या मुलाशेजारी बसणं बंद व्हायला हवं होतं. आईला वर्षानुवर्षं सांगून ती "जाऊ दे रे" म्हणायची. वकिलाची नोटीस गेल्यावर आठवड्यात काकांनी निमंत्रणाच्या यादीतून त्याचं नाव काढलं.

सडेतोड
बरं, नोटिशीचं मान्य. कोर्टाचं नाही. आणि कोकणकडा, तुमच्या काकांना आईचं पटलं नाही, कागदाचं पटलं. धन्य ते घराणं.

माळरानचा डॉक्टर
ताई, तो निकाल मराठीत कुठे मिळेल? हवालदारासाठी.