भाड्याच्या सेसना १७२ मध्ये वापरायला पोर्टेबल वेदर-नेव्हिगेशन डिव्हाइस, कुठलं घ्यावं?

नवापायलट:
मंडळी, प्रायव्हेट लायसन्स मिळून तीन महिने झालेत, इथे अमेरिकेत क्लबची १७२ भाड्याने उडवतो, पॅनेलवर जुना जीपीएस आहे पण हवामानाचं काहीच दिसत नाही. गेल्या आठवड्यात समोर आभाळ भरून आलं आणि रेडिओवर विचारत विचारत मागे फिरलो, तेव्हाच ठरवलं आता घ्यायचंच. आयपॅडला जोडायचा सेंट्रीसारखा रिसीव्हर घेऊ की गार्मिनचं स्वतःची स्क्रीन असलेलं एरा ७६०? आणि सिरियसएक्सएमच्या सॅटेलाइट हवामानाची वर्गणी भरण्यात अर्थ आहे का?

क्रॉसविंड:
एडीएस-बीवरचं, म्हणजे विमानं आणि जमिनीवरची स्टेशनं रेडिओवरून माहिती पाठवतात त्या यंत्रणेवरचं, हवामान फुकट आहे, वर्गणी नाही, पण ते जमिनीवरच्या टॉवरवरून येतं आणि टॉवर नजरेच्या रेषेत लागतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागेवर) असताना काही येत नाही, थोडं वर गेलं की चित्र भरायला लागतं. सिरियस सॅटेलाइटवरून येतं म्हणून इंजिन चालू करायच्या आधीही दिसतं. तू उडण्याआधी फोनवर रडार बघतोसच ना, मग तासा-दीड तासाच्या फ्लाइटला फुकटचं पुरतं. डोंगरात खालून उडणार असशील तर मात्र सिरियसचा विचार कर, गार्मिनचा जीडीएल ५२ रिसीव्हर दोन्ही घेतो.

डावीसीट:
आधी ॲप ठरव, मग रिसीव्हर. सेंट्री फोरफ्लाइट या नकाशा-हवामानाच्या ॲपसाठी आहे आणि फोरफ्लाइट फक्त ॲपलवर चालतं, अँड्रॉइड असेल तर गार्मिन पायलट ॲपकडे बघ. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो पण रिसीव्हर तो पुरवतो, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते उन्हात. माझा टॅब्लेट योकवर (विमानाच्या हँडलवर) लावलेला होता, दुपारचं ऊन थेट काचेवर, आणि दोन एअरस्पेसच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असताना स्क्रीन काळी झाली, वर थर्मामीटरचं चित्र फक्त. फोनवर तेच नकाशे उतरवून ठेवले होते म्हणून निभावलं. तेव्हापासून टॅब्लेट गुडघ्यावर सावलीत, एअर व्हेंट त्याच्याकडे वळवलेला, आणि फोन चार्ज करून खिशात. एरा उन्हात वाचायच्या हिशेबानेच बनवलंय, दरवेळी हे सगळं करायचा कंटाळा असेल तर तेच घे.

मोसमी:
काहीही घे पण रडारचं वय नीट समजून घे, कळकळीने सांगते. चित्रावर "३ मिनिटं" दिसतं ते मोझेक, म्हणजे अनेक रडारचं जोडलेलं चित्र, तयार झाल्यापासूनचं असतं, रडारने ढग बघितला तेव्हापासूनचं नाही. एनटीएसबीने (अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणारी संस्था) २०१२ मध्ये यावर सेफ्टी अलर्ट काढला होता, की टोकाच्या वेळी खरी माहिती स्क्रीनवर दिसणाऱ्या वयापेक्षाही १५ ते २० मिनिटं जास्त जुनी असू शकते. ३० नॉटने सरकणारं वादळ २० मिनिटांत १० नॉटिकल मैल पुढे गेलेलं असतं! म्हणजे स्क्रीनवर दोन लाल डागांमध्ये जी फट दिसते ती आत्ता तिथे असेलच असं नाही. लांबून वळसा घालायला हे चित्र वापर, मधून वाट काढायला कधीच नको, जोरदार वादळापासून २० मैल तरी लांब राहा.

नवापायलट:
हे वयाचं खरंच माहीत नव्हतं, थँक्स ताई. आयपॅड आहेच, सेंट्रीच घेतो. क्लबच्या विमानात एडीएस-बी आउट (आपली जागा कळवणारं यंत्र) आहे, म्हणजे आजूबाजूची सगळी विमानं दिसतील ना?

क्रॉसविंड:
सगळी नाही. तुझ्याकडे एडीएस-बी इन, म्हणजे रिसीव्हर, आहे हे विमानाचं आउट ग्राउंड स्टेशनला कळवतंय का ते क्लबला विचारून घे, सेटिंग असतं ते. कळवत असेल तर तुझ्याभोवती १५ मैल आणि वर-खाली ३५०० फुटांतली ट्रॅफिक पाठवतात. तरीही ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) नसलेलं ग्लायडर स्क्रीनवर येणार नाही, तेवढं बाहेर बघूनच शोधावं लागतं.