बाईंच्या आठवणी लिहा

बाई गेल्या त्याला आज महिना झाला. बीड जिल्ह्याच्या आपल्या डोंगरपट्ट्यातल्या, जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेत त्यांची बहुतेक नोकरी गेली. त्यांच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकलेल्यांनी, सोबत नोकरी केलेल्यांनी जे आठवेल ते लिहावं. चार ओळी असल्या तरी चालतील.

*

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाची गाडी गावात लागायची. मी तिसरीत होतो. आई-बापानं उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, साखर कारखाना सांगलीकडचा. भांडी, पीठ, कोंबड्यांचं डालगं, सगळं ट्रकवर चढलं होतं. बाई शाळा सुटल्यावर तशाच आल्या. बापाशी आधी बोलून झालं होतं, तो ऐकत नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. आमचं एक बोचकं खाली राहिलं होतं, त्याची गाठ सोडली, तव्याखालून माझी पाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. बाप बघत राहिला. मग आज्जीला म्हणाला, “ऱ्हाऊ दे ह्याला तुझ्यापाशी.” ती पाटी एका कोपऱ्यात फुटलेली होती. आज मी स्वतः शिक्षक आहे.

*

1995 नंतर शाळेत महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायला लागला, हजेरी 80 टक्के भरली तर. बाईंनी हे घरोघरी जाऊन आयांना सांगितलं. माझ्या आईला म्हणाल्या, “पोरगी इथं राहिली तर म्हातारीचंही पोट भरंल.” तेवढ्यावर मी राहिले. आमच्या वाडीतली चौथी पास झालेली पहिली मुलगी मी.

*

बाई मारायच्या, हे पण लिहायला पाहिजे. एकोणतीसचा पाढा चुकला की हातावर फूटपट्टी. पण आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जून आणि माझा खरा आहे. आई एवढंच सांगू शकली की पोळ्याच्या आधी चार दिवस, झड लागली होती. बाईंनी त्या सालचं पंचांग कुठून तरी मिळवलं आणि मोजून तारीख लिहिली.

*

मी त्यांचा सहशिक्षक. 1991 ची जनगणना आम्ही दोघांनी केली. फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम, वाड्याच्या वाड्या कुलपात. प्रत्येक कुलपापुढं बाई थांबायच्या आणि आतली लेकरं नावानिशी सांगायच्या, कोण कितवीत आहे तेही. मला इतकी वर्षं होऊन माझ्या वर्गाचं तसं कधी सांगता आलं नाही.

*

मला मात्र नेलंच. धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणी नव्हतं. पहाटे आई-बाप फडात गेले की मी कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीपाशी, तिला घेऊन बसायचो, दुपारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधू लागायचो. एप्रिलात गावी आलो तेव्हा शाळेत जायची लाज वाटत होती, वाटलं नाव कटलं असणार. बाईंनी हजेरी घेतली आणि माझं नाव जिथल्या तिथं आलं. मी “हजर” म्हणायच्या आधीच मागून कोणीतरी सवयीनं ओरडलं, “उसाला गेलाय, बाई!” सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. तेव्हा कळलं, पाच महिने बाई रोज माझं नाव घेत होत्या आणि पोरं रोज उत्तर देत होती. आम्ही गेलेलो आठ-नऊ जण होतो, सगळ्यांची नावं रोज घ्यायच्या. तो ओरडणारा कोण होता ते मला आजपर्यंत माहीत नाही. इथं असशील तर लिही.

*

मीच तो. तुझा नंबर 14, माझा 15. तुझं झाल्याशिवाय माझं नाव यायचं नाही, म्हणून रोज मीच सांगायचो.