२१ दिवस संपले, पण बाबा दुसरी गोळी सोडत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे. गेल्या महिन्यात शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा उजवा हात एकदम लुळा पडला, जीभ जड झाली. तासाभरात सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी टीआयएचं, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून येणाऱ्या तात्पुरत्या झटक्याचं, निदान केलं आणि अ‍ॅस्पिरिन ७५ व क्लोपिडोग्रेल ७५ अशा रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या सुरू केल्या. चिठ्ठीवर क्लोपिडोग्रेलपुढे '२१ दिवस' लिहून त्याला गोल केलाय. अ‍ॅस्पिरिन कायम.

ते २१ दिवस होऊन आठवडा उलटला. बाबांचं एकच म्हणणं, "दोन गोळ्यांनी वाचलो, आता एक काढून घेता?" काल चादर बदलताना उशीखाली क्लोपिडोग्रेलची नवी स्ट्रिप सापडली. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग आहेत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टरांना लगेच फोन केला. उद्या सकाळी बोलावलंय.

तोवर मी जमेल तेवढं वाचलं. चीनमधल्या 'चान्स' अभ्यासात (२०१३) ५,१७० रुग्ण होते, सौम्य पक्षाघाताचे किंवा जास्त जोखमीच्या टीआयएचे. ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ११.७ टक्के, दोन्ही गोळ्यांवाल्यांत ८.२. पण त्यांनाही जोडगोळी पहिले २१ दिवसच दिली होती. २०१८ च्या 'पॉइंट'मध्ये दोन्ही गोळ्या ९० दिवस दिल्या, तिथे मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला. आणि २००४ च्या 'मॅच'मध्ये दीड वर्ष दोन्ही गोळ्या देऊन वेगळा असा फायदा दिसलाच नाही, जिवावर बेतणारा रक्तस्राव मात्र १.३ वरून २.६ टक्के. म्हणजे धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त, म्हणून तेव्हा दोन गोळ्या; पुढे पारडं रक्तस्रावाकडे झुकतं. मला हे बरोबर समजलंय ना?

एक गोष्ट अडते. 'चान्स'मध्ये २१ दिवसांनंतर क्लोपिडोग्रेल चालू ठेवली होती, आमच्याकडे अ‍ॅस्पिरिन ठेवलीय. यानं फरक पडतो का? शिवाय बाबा पित्तासाठी रोज ओमेप्राझोल घेतात, आणि त्यानं क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो असं वाचलं. हे चिठ्ठी लिहिताना आम्ही सांगितलंच नव्हतं, याची फार रुखरुख लागलीय. उद्या दोन्ही विचारणारच आहे, पण इथल्या डॉक्टर मंडळींनी आणखी काय विचारावं ते सांगितलं तर बरं होईल.

खरी मदत हवीय ती बाबांना समजवायला. अ‍ॅस्पिरिनची एक गोळी प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या पेशीला) तिच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी, म्हणजे आठ-दहा दिवसांपर्यंत, निकामी करते, तेव्हा एका गोळीवर म्हणजे उघड्यावर नव्हे, असं मी सांगून पाहिलं. ते ऐकून घेतात आणि हात चाचपत बसतात. ज्यांच्या घरी अशी दुसरी गोळी बंद केली, त्यांनी ती भीती कशी घालवली?