मदत हवी आहे: सोसायटीच्या विहिरीत पेट्रोलचा वास, तपासणी कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यात आमची जुनी सोसायटी. आवारात बांधीव विहीर आहे. पिण्याला नाही, पण फ्लश, झाडं, गाड्या धुणं सगळं तिच्यावर चालतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी वर आलं आणि पेट्रोलचा वास सुटला. पाण्यावर सप्तरंगी तवंग आहे. काठीने ढवळून पाहिलं. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा, असाच दिसणारा पापुद्रा असता तर त्याचे तुकडे पडून तसेच राहिले असते. हा तवंग काठी काढताच पुन्हा मिळून आला.

चढावर एक पेट्रोल पंप आहे. दुसऱ्या अंगाला बंद पडलेलं गॅरेज आहे, तिथे जुनी टाकी पुरलेली असल्याचं जुने रहिवासी सांगतात. पुराव्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही. कमिटीतले काही म्हणतात, विहीर उपसून पाणी गटारात सोडा आणि ब्लीचिंग पावडर टाका. काही म्हणतात गप्प बसा, फ्लॅटचे भाव पडतील. मला दोन्ही पटत नाही. तळमजल्यावर लहान मुलं आहेत, बाथरूममध्येही वास येतो. कोणती तपासणी करू? टाकी तपासायला लावायचा अधिकार कुणाला? आणि हे साफ होतं का?

प्रतिसाद:

दादा, आधी विहिरीची मोटर बंद ठेवा आणि विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती विहिरीत साचून राहते. हवेत साधारण १.४ टक्के झाली तरी ठिणगीने पेट घेते. अग्निशमन दलाला आजच कळवा. उपसा केलात तर आजूबाजूचं पेट्रोल तुमच्याच विहिरीकडे ओढलं जाईल. ब्लीचिंगने जंतू मरतात, पेट्रोल जात नाही. बाथरूमच्या खिडक्या उघड्या ठेवा, फ्लशचं पाणी तूर्त टँकरचं घ्या.

नेहमीच्या पाणी तपासणीत हे सापडत नाही. लॅबला बीटेक्स (बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन) आणि टीपीएच (पाण्यातले एकूण पेट्रोलियम पदार्थ) स्पष्ट सांगून मागा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नको. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या कुप्या मिळतात, त्या काठोकाठ भरायच्या, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात ठेवून पोचवायच्या. बेंझिन कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. क्रोमॅटोग्रामवरून, म्हणजे लॅबने काढलेल्या घटकांच्या आलेखावरून, पेट्रोल की डिझेल तेही कळतं.

अहवाल हातात येण्याची वाट न पाहता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पंपाच्या टाक्यांचा परवाना पेसोकडचा (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था), त्यांचं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. टाकी आणि पाइपलाइनची गळती चाचणी, तसंच रोजच्या डिपचा (टाकीत पट्टी घालून मोजलेल्या साठ्याचा) आणि विक्रीचा ताळमेळ तपासा, अशी मागणी नेमक्या शब्दांत करा. गॅरेजच्या टाकीचाही उल्लेख हवा. जुनी विसरलेली टाकी गंजून वर्षानुवर्षं पाझरू शकते.

रस्त्याच्या उतारावरून गुन्हेगार ठरवू नका. मुरमाखाली आपल्याकडे बेसॉल्ट आहे, पेट्रोल त्याच्या भेगांतून जाईल तिकडे जातं. भूजलाची दिशा काढायला किमान तीन निरीक्षण बोअर लागतात. सफाईत आधी गळती थांबवायची, मग वर तरंगणारा थर काढायचा, मग जमिनीतली वाफ शोषून घ्यायची. विरघळलेला भाग प्राणवायू मिळाला की जिवाणू हळूहळू खातात, त्याला वर्षं लागू शकतात. आपल्याकडे पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं आणि पेट्रोल तेवढ्या सगळ्या मातीला माखत जातं. म्हणून तवंग दिसेनासा झाला तरी साफ झालं असं समजू नका. मे महिन्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा नमुने घ्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार ताई. मोटरचा फ्यूज काढलाय, अग्निशमन दलाला फोन झाला. तक्रारीचा मसुदा आज लिहितो. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बीटेक्स करणारी, स्वतः येऊन नमुना घेणारी मान्यताप्राप्त लॅब कुणाला माहीत आहे का? अंदाजे खर्चही सांगा, रविवारच्या सभेत मांडायचा आहे.