मैदानाभोवती कट्टा हवा की जाळी?

कट्टेकरी:
आमच्या वसाहतीसमोरच्या मैदानाचं नूतनीकरण झालं. भोवतीचा गुडघाभर उंचीचा कट्टा तोडून सहा फुटी लोखंडी जाळी लावली. आत दोघांपुरते बाक, तेही एकमेकांपासून वीस पावलांवर. पूर्वी भाजीची पिशवी घेऊन टेकणाऱ्या काकू, नातवाला सायकल शिकवणारे आजोबा, क्रिकेटची पोरं, सगळी एकाच कट्ट्यावर असायची. आता जाळीपलीकडून हात करतात आणि निघून जातात.

दादरचं शिवाजी पार्क बघा. साधारण २८ एकरांचं मैदान आणि भोवती बुटका कट्टा. त्याला पाठ नाही, म्हणून आत तोंड करून मॅच बघा किंवा वळून रस्ता बघा. मध्ये दांडे नाहीत, म्हणून दोघांच्या मध्ये तिसरा सहज सरकतो. बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसायचं तर परवानगी मागावीशी वाटते. कट्टा आधी, कारंजी नंतर, असं माझं ठाम मत आहे.

तळमजला:
कट्टा काढा, या तक्रारअर्जावर माझीही सही होती. कट्टा माझ्या खिडकीखाली होता. रात्री दीडपर्यंत मोटारसायकली, गप्पा, सकाळी बाटल्या. जाळी आल्यापासून झोप लागते. आणि माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला बिनपाठीच्या कट्ट्यावरून उठताच येत नाही. तुमच्या गप्पांच्या जागेत ती कुठे बसणार?

कट्टेकरी:
पाठीचे, हाताचे बाक हवेतच, ते माझ्याकडून राहिलं. पण मग ते समोरासमोर मांडा. कैद्यांसारखं एकेकट्याला का बसवायचं?

पायवाट:
आसनं तोडून माणसं सुधारत नाहीत. जुलै २०२२मध्ये तिरुवनंतपुरमला अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळच्या बसथांब्यावर मुलंमुली शेजारी बसू नयेत म्हणून बाकाचे तीन सुटे तुकडे केले. विद्यार्थी एकमेकांच्या मांडीवर बसले आणि फोटो देशभर गेला.

सांजवेळ:
मी बाई म्हणून सांगते, जाळी आणि एकच फाटक असेल तर दिवेलागणीनंतर मी आत पाऊल टाकत नाही. कुणी मागे आलं तर बाहेर पडायचं कुठून? कट्ट्यावर बसलं की रहदारी दिसते, रहदारीला आपण दिसतो. व्हिएन्नात १९९०च्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांपुढच्या मुली बागांमध्ये येईनाशा होतात. १९९९मध्ये काही बागांत वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, मोठं मोकळं आवार लहान भागांत वाटलं. मुली परत येऊ लागल्या.

तळमजला:
दुसरं फाटक आणि दिवे यासाठी मी आजच सही करते. फाटकाचा विचार आम्ही अर्ज करताना केला नव्हता, हे खरं. पण कट्टा पुन्हा नको.

कट्टेकरी:
आपल्या मैदानाच्या बसथांब्याकडच्या बाजूला घरं नाहीत, दुकानं आहेत. फक्त तेवढी जाळी काढून तिथे कट्टा बांधला तर?

तळमजला:
तिथे चालेल. माझ्या खिडकीखाली नाही.